हवामान धोरण : खातं कुणाचं, जबाबदारी कुणाची?

हवामान बदलाचं धोरण राबवण्यासाठी सरकारं कोणत्या यंत्रणा उभारतात आणि त्या कुठे अडतात, यावर वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तापमान का वाढतं वगैरे प्रश्न बाजूला ठेवून इथे फक्त कारभाराबद्दल लिहिलं आहे.

प्रश्न : हा विषय पर्यावरण खात्याकडे ठेवला तर बिघडतं काय? त्यासाठी वेगळं मंत्रालय लागतं का?

उत्सर्जन होतं वीज, वाहतूक, उद्योग, शेती आणि बांधकामात. यातलं एकही खातं पर्यावरण खात्याचं ऐकायला बांधील नसतं. पर्यावरण खातं परवानगी देतं किंवा अडवतं. वीज कोळशावर करायची की उन्हावर, पैसा रेल्वेला द्यायचा की महामार्गाला, हे भलतीकडेच ठरतं. म्हणून अनेक सरकारं हा विषय एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवत राहतात.

ब्रिटनने २००८ मध्ये ऊर्जा आणि हवामान बदल यांचं एकत्र मंत्रालय काढलं, २०१६ मध्ये ते उद्योगाच्या मोठ्या खात्यात विरघळवलं आणि २०२३ मध्ये ऊर्जा सुरक्षा व नेट झिरो (जितकं उत्सर्जन, तितकंच शोषण) या नावाने पुन्हा वेगळं केलं. जर्मनीने २०२१ च्या शेवटी हवामान आर्थिक व्यवहार मंत्रालयाला जोडलं आणि २०२५ मध्ये ते पर्यावरणाकडे परत गेलं. चीनमध्ये २०१८ पर्यंत हे काम राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगाकडे होतं, नंतर ते पर्यावरण मंत्रालयाला दिलं. ऊर्जेच्या नियोजनाची सूत्रं मात्र आयोगाकडेच राहिली, म्हणजे जबाबदारी एकीकडे आणि चावी दुसरीकडे.

प्रत्येक फेरबदलात पदं वर्ग करायची, लेखाशीर्षं बदलायची, सेवाज्येष्ठतेच्या याद्या जुळवायच्या, यातच सुरुवातीचे बरेच महिने जातात. आमच्या मते पाटी बदलण्याआधी दोन गोष्टी मिळवाव्यात. पहिली, ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक मंत्रिमंडळ टिपणीत उत्सर्जनावर काय परिणाम होईल याचा आकड्यासह परिच्छेद सक्तीचा असावा, तो नसेल तर टिपणी परत जावी. दुसरी, ऊर्जा आणि वाहतूक खात्यांच्या दीर्घकालीन योजना मंजुरीला जाण्याआधी हवामान कक्षाचा लेखी अभिप्राय घेतला जावा, आणि तो डावलल्यास कारण फाईलवर यावं. हे मिळालं तर पर्यावरण खात्यातला छोटा कक्षही वजन राखून असतो. हे नसेल तर भलंमोठं मंत्रालयसुद्धा परिषदा भरवत बसतं.

प्रश्न : हवामान कायदा म्हणजे त्यात नेमकं काय लिहिलेलं असतं? नुसतं लक्ष्य जाहीर करून भागत नाही का?

लक्ष्य हे कायद्याचं एक कलम असतं, तेही सगळ्यात सोपं. कायदा वाचताना तारखा शोधाव्यात : कुणी, कुणाला, कोणत्या दिवसापर्यंत, काय द्यायचं.

ब्रिटनचा २००८ चा कायदा या बाबतीत नमुना मानला जातो. १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत ८० टक्के कपात हे मूळ लक्ष्य होतं. २०१९ मध्ये ते १०० टक्के, म्हणजे नेट झिरो झालं. मधला काळ पाच-पाच वर्षांच्या कार्बन बजेटांत, म्हणजे त्या काळातल्या एकूण उत्सर्जनाच्या मर्यादांत, वाटला आहे आणि प्रत्येक बजेट सुरू होण्याच्या सुमारे बारा वर्षं आधी ठरवावं लागतं. स्वतंत्र हवामान बदल समिती किती कपात शक्य आहे ते सांगते. सरकारने तिच्यापेक्षा वेगळा आकडा घेतला तर कारणं प्रसिद्ध करावी लागतात. समिती दर वर्षी ३० जूनपर्यंत प्रगतीचा अहवाल संसदेला देते, सरकारला १५ ऑक्टोबरपर्यंत त्याचं उत्तर द्यावं लागतं. या दोन तारखांमुळे मंत्र्यांना वर्षातून एकदा तरी आकडे तोंडावर घ्यावे लागतात.

पण याच कायद्यात एक सैल सांधा आहे. बजेट ठरल्यावर ते गाठण्याचा कार्यक्रम कधी मांडायचा? कायदा म्हणतो, शक्य तितक्या लवकर. तारीख नाही. आणि वाद नेमका या कार्यक्रमावरूनच झाला. जुलै २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारचं नेट झिरो धोरण बेकायदा ठरवलं. सहाव्या बजेटला लागणाऱ्या कपातीपैकी आकड्यांत मांडता आलेल्या उपायांनी ९५ टक्के कपात भरून निघत होती, उरलेल्याचा हिशेब नव्हता, आणि कोणत्या उपायातून किती कपात येईल हे मंत्र्यांपुढे नीट ठेवलंच गेलं नव्हतं. संसदेला दिलेल्या अहवालातही ते नव्हतं. सरकारने मार्च २०२३ मध्ये नवा कार्यक्रम आणला. मे २०२४ मध्ये तोही अडकला, कारण प्रत्येक उपाय शंभर टक्के यशस्वी होईल असं धरून मंत्र्यांनी सही केली होती आणि कोणता उपाय फसू शकतो याची पुरेशी माहिती त्यांच्यापुढे नव्हती. मसुदा करणाऱ्यांनी यातून एक तक्ता उचलावा : उपाय, त्यातून येणारी कपात टनांत, जबाबदार खातं, पैसा मंजूर आहे की नाही, फसण्याची शक्यता. पाचही रकाने भरलेले नसतील तर तो कार्यक्रम नव्हे, निबंध.

प्रश्न : कार्बन बजेट ही कल्पना समजत नाही. दर वर्षीचं लक्ष्य ठेवणं सोपं नाही का?

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. एका देशाचं उत्सर्जन वर्षाला १० कोटी टन आहे आणि पाच वर्षांत ते ८ कोटींवर आणायचं आहे. दर वर्षी ४० लाख टन कमी केले तर पाच वर्षांचे आकडे येतात ९.६, ९.२, ८.८, ८.४ आणि ८ कोटी. बेरीज ४४ कोटी टन. हे झालं बजेट.

आता पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही असं धरा. २० कोटी टन संपले, उरले २४ कोटी, वर्षं तीन. आता ९, ८ आणि ७ कोटी असं उतरावं लागेल, म्हणजे दर वर्षी ४० लाखांऐवजी १ कोटी टनांची कपात. फक्त शेवटच्या वर्षाचं लक्ष्य असतं तर पहिली दोन वर्षं वाया गेली तरी कागदावर काही बिघडलेलं दिसलं नसतं. हवेत साठतो तो वायू बेरजेने साठतो, म्हणून हिशेबही बेरजेचा.

पाच वर्षांचा काळ घेण्याचं कारण साधं आहे. एखादा हिवाळा कडाक्याचा गेला, पाऊस कमी होऊन जलविद्युत घटली किंवा मंदी आली की एका वर्षाचा आकडा उगाच वरखाली होतो. पाच वर्षांत हे बरंचसं जिरतं. मात्र उसनवारीची वाट बंद करायला हवी. ब्रिटनच्या कायद्यात पुढच्या बजेटमधून जास्तीत जास्त त्याच्या १ टक्का इतकंच उसनं घेता येतं.

प्रश्न : लक्ष्य चुकलं तर शिक्षा कुणाला? मंत्र्याला तुरुंगात तर कुणी घालत नाही.

नाही घालत, आणि घालूही नये. शिक्षेपेक्षा पुढचं काम कुणी, किती दिवसांत करायचं हे ठरलेलं असणं जास्त उपयोगी. जर्मनीने डिसेंबर २०१९ च्या कायद्यात हे सर्वांत कडक पद्धतीने करून पाहिलं, आणि ते कसं मोडलं तेही पाहण्यासारखं आहे.

कायद्याने उद्योग, इमारती, वाहतूक, शेती अशा क्षेत्रांना दर वर्षाची वेगवेगळी कमाल मर्यादा दिली आणि प्रत्येक क्षेत्रामागे एक मंत्रालय बांधलं. पर्यावरण संस्थेने १५ मार्चपर्यंत मागच्या वर्षाचे आकडे द्यायचे, पाच तज्ज्ञांच्या परिषदेने ते महिनाभरात तपासायचे, आणि मर्यादा ओलांडली असेल त्या मंत्रालयाने तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम आणायचा. २०२१ च्या आकड्यांत इमारती आणि वाहतूक दोन्ही नापास झाले. जुलै २०२२ मध्ये दोन्ही मंत्रालयांनी कार्यक्रम दिले. वाहतुकीचा कार्यक्रम मुळातच इतका अपुरा होता की त्याची सविस्तर छाननी करण्यातही अर्थ नाही, असं तज्ज्ञ परिषदेने ऑगस्टमध्ये म्हटलं.

पुढे काय व्हावं? तज्ज्ञांचा शेरा आला, वर्तमानपत्रांत गाजला. पण अपुरा कार्यक्रम परत पाठवण्याचा अधिकार परिषदेला नव्हता. वाहतूक खात्याचं म्हणणं, ऊर्जा आणि उद्योगात जास्त कपात झाली आहे, तेव्हा एकूण बेरीज बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारला तातडीचे कार्यक्रम आणायला सांगितलं. तोवर कायदाच बदलायचं ठरलं होतं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर क्षेत्रांच्या मर्यादा संदर्भापुरत्या उरल्या. आता एकूण अंदाज सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर गेला तरच सरकारला मिळून उपाय करावे लागतात.

दुरुस्तीच्या बाजूनेही बोलता येतं, कारण एका वर्षाच्या आकड्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. पण ‘मिळून’ म्हटलं की कुणाचंच नाव उरत नाही. आमच्या मते मधला मार्ग होता : क्षेत्राची मर्यादा तीन वर्षांच्या सरासरीवर मोजायची, आणि कार्यक्रम अपुरा ठरला तर तो आपोआप मंत्रिमंडळापुढे जावा.

न्यायालयांचा धाक उपयोगी आहे, पण त्याला वेळ लागतो. नेदरलँड्समध्ये २०२० पर्यंत किमान २५ टक्के कपात करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो डिसेंबर २०१९ मध्ये. मूळ खटल्याचा निकाल २०१५ चा. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सरकारचा २०१७ चा आराखडा पुरेसा नेमका नाही म्हणून रद्द केला. त्यानंतर २०२१ च्या दुरुस्त कायद्यात पाच वर्षांची बजेटं आणि क्षेत्रनिहाय मर्यादा आल्या.

प्रश्न : सरकार बदललं की यंत्रणा गुंडाळली जाते. यावर इलाज काय?

ऑस्ट्रेलियात हे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी दिसलं. लोकांना हवामानाची माहिती देण्यासाठी २०११ मध्ये स्थापन झालेला हवामान आयोग प्रशासकीय निर्णयातून आला होता. १८ सप्टेंबर २०१३ रोजी नव्या सरकारचा शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी आयोग बंद झाला. हवामान बदल प्राधिकरण आणि स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारं महामंडळ हेही नव्या सरकारला नको होते. पण दोन्ही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या. त्या मोडण्याची विधेयकं वरिष्ठ सभागृहात अडली आणि संस्था टिकल्या. प्राधिकरणाची माणसं आणि पैसा मात्र बराच घटला. म्हणजे कायदा संस्थेला मरू देत नाही, पण उपाशी ठेवण्यापासून वाचवत नाही. म्हणून निधी किमान तीन-चार वर्षांसाठी एकदम मंजूर करून घ्यावा, आणि सदस्यांच्या मुदती निवडणुकीच्या चक्राशी जुळणार नाहीत अशा पुढेमागे ठेवाव्यात.

प्रश्न : सल्लागार परिषदेवर शास्त्रज्ञ असावेत की कामगार, उद्योजक, शेतकरी यांचे प्रतिनिधी?

कामावर अवलंबून. आकडा ठरवायचा असेल तर लहान, तज्ज्ञांची परिषद बरी. ब्रिटनच्या समितीत अध्यक्ष आणि पाच ते आठ सदस्य असतात, ते कुठल्याही संघटनेचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत. कोळशाच्या खाणी बंद करताना कुणाचं काय होणार हे ठरवायचं असेल तर ज्यांचं पोट त्यावर आहे ते टेबलावर हवेत. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२० मध्ये नेमलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगात कामगार संघटना, उद्योग, नागरी संघटना आणि शास्त्रज्ञ एकत्र बसतात. तिथली वीज मुख्यतः कोळशाची, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. २०२४ च्या हवामान बदल कायद्यात या आयोगाला वैधानिक जागा दिली गेली.

गल्लत होते ती दोन्ही कामं एकाच परिषदेला दिली की. प्रतिनिधी आकड्यावर घासाघीस करतात आणि शेवटी कुणालाच न दुखावणारा आकडा बाहेर पडतो.

प्रश्न : आंतरविभागीय समित्या नेमल्या जातात, पण त्यांच्या बैठका होत नाहीत. का?

बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं : बैठक बोलावणं हे कुणाचंच पूर्णवेळ काम नसतं. अध्यक्ष इतक्या वरच्या पदावरचा असतो की तारीख मिळत नाही, आणि सदस्य सचिव दुसऱ्या तीन समित्यांचाही सदस्य सचिव असतो. बैठक झालीच तर प्रत्येक खातं उपसचिव दर्जाचा वेगळा माणूस पाठवतं, त्याला होकार देण्याचा अधिकार नसतो आणि तो ‘विभागात चर्चा करून कळवतो’ म्हणून उठतो.

दुरुस्ती अशी. समितीला स्वतःचं सचिवालय द्यावं, पाच-सहा माणसांचं चालेल, पण प्रतिनियुक्ती किमान तीन वर्षांची असावी. बैठकींच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकाशी जुळवून ठरवाव्यात. खात्यांच्या मागण्या वित्त विभागाकडे गेल्यावर बैठक घेतली तर ती चहापाण्यापुरतीच राहते. विषयपत्रिकेवर माहितीचे विषय शेवटी आणि वादाचे आधी. दोन खात्यांचं जमलं नाही तर तीस दिवसांनी विषय आपोआप मंत्र्यांच्या उपसमितीकडे जाईल असं कार्यनियमात लिहावं. ही शेवटची तरतूद असली की निम्मे वाद खालीच मिटतात, कारण वर जाऊन हरायला कुणालाच आवडत नाही.

प्रश्न : नवी संस्था काढावी की जुन्या संस्थेलाच काम द्यावं?

जुनी चांगली असेल तर जुनीच. भारतात वेगळा हवामान कायदा नाही. २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ अभियानं होती. त्यांतल्या ऊर्जा कार्यक्षमतेच्या अभियानाला एक तयार पाया मिळाला, कारण २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही सरकारी संस्था आधीपासून होती. कोणते कारखाने बांधील, ऊर्जा लेखापरीक्षण कुणी करायचं, दंड कसा, हे सगळं ठरलेलं होतं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत ८ क्षेत्रांतल्या ४७८ घटकांना प्रत्येकी ऊर्जावापराचं लक्ष्य दिलं गेलं, आणि जास्त बचत करणाऱ्याला विकता येतील अशी प्रमाणपत्रं. उणीव राहिली ती लक्ष्यं सैल ठेवण्यात. विकायला प्रमाणपत्रं भरपूर, घेणारे कमी, मग भाव पडणारच. २०२२ च्या दुरुस्तीने याच कायद्यातून कार्बन बाजाराची वाट काढली आहे. तिथेही सगळं लक्ष्यं किती ताणलेली आहेत यावर ठरेल.

प्रश्न : उत्सर्जन मोजतं कोण? आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

मोजत नाहीत, हिशेब करतात. डिझेलची एक ओळ घ्या : वर्षभरात विकलेले लिटर, गुणिले प्रति लिटर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. अशा शेकडो ओळी, प्रत्येकीमागे एक आकडा आणि एक गुणक. घोळ गुणकात कमी, आकड्यात जास्त. इंधन कंपनीचे विक्रीचे आकडे आणि वाहतूक खात्याचे वापराचे आकडे जुळत नाहीत, शेतीपंपांना जाणारं डिझेल कुठे धरायचं ते ठरलेलं नसतं.

यंत्रणेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे हा हिशेब दर वेळी परदेशी मदतीच्या प्रकल्पातून सल्लागाराकडून करून घेणं. प्रकल्प संपतो, सल्लागार जातो, तक्ते त्याच्या लॅपटॉपवर राहतात आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात. पॅरिस कराराखाली आता दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा असतो, पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. तेव्हा हे काम सांख्यिकी कार्यालयाकडे कायमच्या पदांसह द्यावं, आकडे पुरवणं इंधन कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करावं, आणि जुनी वर्षं नव्या पद्धतीने पुन्हा मोजली की दोन्ही आकडे शेजारी छापावेत. नाहीतर पद्धत बदलून झालेली घट धोरणाच्या नावावर खपते.

प्रश्न : शहरांना यात काही करता येतं का?

येतं. ऑस्लो शहराने २०१७ च्या अर्थसंकल्पापासून हवामान बजेट सुरू केलं. ते वित्त विभाग तयार करतो. प्रत्येक उपायासमोर अपेक्षित कपात, जबाबदार खातं आणि रक्कम लिहिलेली असते, आणि पैशाच्या हिशेबाबरोबरच त्याचाही आढावा होतो. पर्यावरण विभागाचा आराखडा कपाटात जाऊ शकतो, वित्त विभागाच्या पुस्तकातली ओळ तशी जात नाही.

प्रश्न : सगळी चर्चा उत्सर्जन कमी करण्याची. पूर, उष्मा, समुद्र वाढणं यांच्याशी जुळवून घेण्यासाठी कोणती यंत्रणा असते?

इथे टनांसारखा एकच आकडा नसतो, म्हणून जबाबदारी आणखी पातळ होते. ब्रिटनमध्ये दर पाच वर्षांनी धोक्यांचं मूल्यमापन होतं आणि त्यामागोमाग अनुकूलनाचा कार्यक्रम येतो. पाणी, वीज, रेल्वे चालवणाऱ्या संस्थांकडून त्यांच्या तयारीचा अहवाल मागवण्याचा अधिकारही सरकारला आहे. पहिल्या फेरीत तो सक्तीने मागवला, नंतरच्या फेऱ्यांत ऐच्छिक ठेवला. ही ढिलाई आम्हाला पटत नाही.

जास्त शिकण्यासारखी रचना नेदरलँड्सची आहे. तिथल्या जल मंडळांना स्वतःचा कर लावता येतो, त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात. त्यावर २०१२ च्या डेल्टा कायद्याने एक आयुक्त आणि वेगळा निधी आणला. आयुक्त स्वतः बंधारे बांधत नाही. मंत्रालय, प्रांत, नगरपालिका आणि जल मंडळं यांना एका वार्षिक कार्यक्रमात बांधणं एवढंच त्याचं काम. हा कार्यक्रम सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी, देशाच्या अर्थसंकल्पासोबतच संसदेत जातो. पूरसंरक्षणाचे निकष बंधाऱ्याच्या तुकड्यागणिक वेगळे ठरवले आहेत आणि ते पूर्ण करण्याची मुदत २०५० आहे. निधी पुढच्या अनेक वर्षांसाठी आखलेला असल्यामुळे एखाद्या तुकड्याचं काम मागे पडलं तर ते कोणत्या वर्षात ढकललं गेलं हे त्याच कागदात सापडतं.